खोट्या हेराचा खरा खर्च

‘गोल्डफिंगर’ हा जेम्स बाँडचा चित्रपट १९६४चा. सुरुवातीलाच रात्रीच्या अंधारात पाण्यावर एक पक्षी तरंगताना दिसतो. पक्षी वर उचलला जातो आणि कळतं, की तो खोटा आहे, शॉन कॉनरीच्या डोक्यावर बसवलेला. बाँड भिंत चढतो, पहारेकऱ्याला आडवा करतो, स्फोटकं पेरतो आणि पाणबुड्याचा पोशाख अंगावरून उतरवतो. आत पांढरं डिनर जॅकेट, कोरडंठाक, इस्त्री शाबूत. कोटाला लाल फूल खोचून स्वारी बारमध्ये हजर.

बरोबर ३० वर्षांनी ‘ट्रू लाइज’मध्ये अर्नोल्ड श्वार्झेनेगर स्वित्झर्लंडमधल्या एका गोठलेल्या तळ्यातून तसाच वर येतो, ओला पोशाख सोलून काढतो आणि आतल्या काळ्या टक्सिडोत धनिकांच्या मेजवानीत शिरतो. स्वयंपाकघरातून जाता जाता तो अरबीत कोणाला तरी दटावतो, एका सुंदर स्त्रीबरोबर टँगो नाचतो, दोन कुत्री अंगावर आली तेव्हा त्यांची डोकी एकमेकांवर आपटतो आणि बर्फावरून गोळीबार चुकवत पळतो. इथवर थट्टा जवळपास नाहीच, हा सरळ हेरपट आहे, आणि उत्तम आहे. थट्टा सुरू होते ती नंतर. गाडीत त्याचा सहकारी त्याला लग्नाची अंगठी परत देतो आणि मुलीसाठी बाबा परदेशातून आणतात तशी एक भेटवस्तूही हातात ठेवतो. घरी बायको प्लंबरच्या बिलाबद्दल काहीतरी सांगत असते. नवरा हूं हूं करतोय हे ओळखून ती म्हणते, मी त्या प्लंबरबरोबर झोपले, म्हणून त्याने शंभर डॉलर कमी केले. नवरा म्हणतो, छान केलंस.

मोठ्या खर्चाच्या विडंबनपटांची गंमत मला या क्रमात दिसते. आधी मूळ गोष्ट चोख करून दाखवायची आणि मग तिच्यावर हसायचं.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ‘झेंडूची फुले’ लिहिणारे केशवकुमार, म्हणजे आचार्य अत्रे, ज्या कवींची टर उडवत होते त्यांच्या वृत्तांवर त्यांची स्वतःची हुकमत होती. मात्रा एकीकडे आणि यती भलतीकडे पडला असता, तर लोक कवींना नव्हे, अत्र्यांना हसले असते. हेरपटात वृत्ताची जागा पैसा घेतो. पाठलाग, स्फोट, परदेशातली स्थळं, खलनायकाचा अवाढव्य अड्डा, हे सगळं त्या प्रकाराचं व्याकरण आहे, आणि ते विकत घ्यावं लागतं. पुठ्ठ्याच्या अड्ड्यात उभा राहून कोणी बाँडची नक्कल केली, तर ती स्नेहसंमेलनातली नाटुकली होते. हसू येतं, पण ते नकलाकाराच्या गरिबीचं.

शिवाय इथे एक जास्तीची अडचण आहे: बाँडपट मुळातच पूर्ण गंभीर नाहीत. माणूस मेला की बाँड त्यावर कोटी करतो, आणि खलनायक त्याला लगेच मारायचं सोडून आपली योजना समजावत बसतो. जो स्वतःच मिश्किल हसतोय त्याची नक्कल करायची, तर त्याच्याहून मोठं काहीतरी करावं लागतं. आणि मोठेपणाची ही शर्यत मूळ मालिकेनेच लावून ठेवली होती. १९६२चा ‘डॉ. नो’ सुमारे १० लाख डॉलरमध्ये झाला. पाच वर्षांनी ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी केन अ‍ॅडम या नेपथ्यकाराने पाइनवुड स्टुडिओत ज्वालामुखीच्या पोटातला अड्डा उभारला. त्या एका सेटचा खर्च अख्ख्या ‘डॉ. नो’च्या घरात गेला. अ‍ॅडमचा तो सेट मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि दर वेळी मला वाटतं, की याची आणखी टिंगल कशी करणार? तो स्वतःच एक भव्य थट्टा आहे.

त्याच वर्षी, १९६७ मध्ये, एका माणसाने तरीही प्रयत्न केला. चार्ल्स फेल्डमन या निर्मात्याकडे इयन फ्लेमिंगच्या पहिल्या कादंबरीचे, ‘कॅसिनो रॉयाल’चे हक्क होते. बाँडपटांच्या नेहमीच्या निर्मात्यांकडे नेमकी तीच एक कादंबरी नव्हती. कॉनरी नाही, मालिकेचा नावलौकिक नाही, तेव्हा सरळ स्पर्धेपेक्षा विडंबन बरं, असा हिशेब त्याने केला. पीटर सेलर्स, डेव्हिड निव्हन, ऑर्सन वेल्स, वुडी अ‍ॅलन आणि ‘डॉ. नो’मधून जगभर पोचलेली उर्सुला आंद्रेस, अशी फौज त्याने जमवली. श्रेयनामावलीत दिग्दर्शक पाच आहेत. सेलर्स आणि वेल्स यांचं इतकं फाटलं, की समोरासमोर पत्ते खेळण्याच्या प्रसंगातही दोघांना एकत्र आणणं मुश्कील झालं. पुढे सेलर्स काम अर्धवट टाकून निघून गेला. पडलेली भोकं बुजवण्यासाठी निव्हनच्या प्रसंगांची ठिगळं लावली गेली आणि कथेत एक युक्ती आली: शत्रूला गोंधळात टाकण्यासाठी सगळ्याच हेरांचं नाव जेम्स बाँड ठेवायचं. शत्रूचं काय झालं कोण जाणे, प्रेक्षक मात्र गोंधळला. शेवटी कॅसिनोत काउबॉय येतात, समुद्रसिंह येतात, परदेशी पलटण येते, स्फोट होतो आणि बहुतेक सगळे स्वर्गात जातात.

खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे खऱ्या बाँडच्या त्या वर्षीच्या चित्रपटापेक्षाही जास्त. गल्ला बरा झाला, बर्ट बॅकरॅकचं संगीत आजही ऐकलं जातं. तरी चित्रपट म्हणून तो कोसळतो आणि का कोसळतो हे पाहण्यासारखं आहे. त्यात पैसा दिसतो, पण तो विनोदाच्या कामी येत नाही. थट्टा कोणत्या नियमाची चालली आहे हेच ठरलेलं नसल्यामुळे मोडायला नियमच उरत नाही.

दूरचित्रवाणीवर मात्र कमी पैशात चाललं. मेल ब्रुक्स आणि बक हेन्री यांची ‘गेट स्मार्ट’ ही मालिका १९६५ मध्ये सुरू झाली. त्यातला हेर बुटात बसवलेल्या टेलिफोनवर बोलायचा. अर्ध्या तासाचा भाग, छोटा पडदा आणि संवादांवर सगळा भार. थिएटरच्या पडद्यावर हा भार संवादांना एकट्याने पेलत नाही.

आता ‘ट्रू लाइज’कडे. त्याचं मूळ फ्रेंच आहे: क्लोद झिदी यांचा १९९१चा ‘ला तोताल!’. त्यातल्या नायकाला त्याची बायको टेलिफोन खात्यातला साधा नोकरदार समजत असते. मध्यम खर्चाची घरगुती विनोदी गोष्ट. ती श्वार्झेनेगरने जेम्स कॅमेरॉनला सुचवली आणि ‘टर्मिनेटर २’ नुकताच हातावेगळा केलेल्या या दिग्दर्शकाने घरगुती बाजू तशीच ठेवून नोकरीची बाजू शंभरपट फुगवली. निर्मितीखर्च १० कोटी डॉलरच्या पुढे गेलेला पहिला चित्रपट, अशी त्याची नोंद सर्वत्र होते. जगभरातून सुमारे ३८ कोटी आले.

आदल्याच वर्षी श्वार्झेनेगरचा हात पोळला होता. ‘लास्ट अ‍ॅक्शन हीरो’ हेही मारधाडपटांचं महागडं विडंबन, आणि दिग्दर्शक होते ‘डाय हार्ड’ करणारे जॉन मॅकटिअर्नन. तो ‘जुरासिक पार्क’नंतर एका आठवड्याने लागला, हे त्याचं दुर्दैव म्हणून नेहमी सांगतात. ते खरं असेल, पण दोष आतही होता. त्यात एक मुलगा जादूच्या तिकिटावर पडद्याच्या आत शिरतो आणि नायकाला सांगत सुटतो, की हे सगळं खोटं आहे, तू पात्र आहेस. खोटं आहे हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं. कोणी ते सारखं कानात सांगू लागलं, की पाठलागातली धडधडही जाते आणि विनोदही जातो.

कॅमेरॉन हे एकदाही सांगत नाही. घोड्याचा प्रसंग घ्या. दहशतवादी मोटारसायकलवरून पळतो, नायक पोलिसांचा घोडा घेऊन मागे लागतो. घोडा हॉटेलच्या आत, घोडा लिफ्टमध्ये, लिफ्टमधल्या सभ्य जोडप्याच्या तोंडाशी घोड्याची शेपटी आणि नायक नम्रपणे वरच्या मजल्याचं बटण दाबायला सांगतोय. गच्चीवरून खलनायक मोटारसायकलसकट शेजारच्या इमारतीच्या तलावात उडी घेतो. आता घोडाही उडी मारणार, संगीत चढलंय, टापा वाजतायत, आणि घोडा कठड्याशी थांबतो. गच्चीवरच्या सगळ्यांत शहाणा तोच. नायक त्याला पोलीस असून असं वागतोस म्हणून खडसावतो. या थांबण्याला हसू येतं, कारण त्याआधीचं धावणं खरं वाटलेलं असतं. तिथे काटकसर केली असती, तर घोडा थांबला काय आणि उडाला काय, सारखंच.

पुढचा खर्च तर आणखी उघड आहे. अमेरिकेच्या मरीन कोअरकडून हॅरियर विमानं भाड्याने घेतली होती, त्याचं बिल सुमारे १ लाख डॉलर झालं. सरकारी दर ताशी होता. मायामीतल्या उंच इमारतीवर क्रेनला पूर्ण आकाराची प्रतिकृती टांगून श्वार्झेनेगरला तिच्यात बसवलं. फ्लोरिडातला जुना ‘सेव्हन माइल ब्रिज’ १९८२ मध्ये नवा पूल झाल्यापासून वाहतुकीतून निवृत्त होता. त्याच्यावर पाठलाग चित्रित झाला आणि स्फोटासाठी त्याचं मोठं मॉडेल बांधून उडवलं. आणि एवढी तयारी कशासाठी, तर खलनायक विमानाच्या क्षेपणास्त्राला अडकतो, नायक बटण दाबतो आणि तो इसम इमारतीच्या आरपार जाऊन आपल्याच साथीदारांच्या हेलिकॉप्टरवर आदळतो. अशी कल्पना शाळकरी मुलगा वहीच्या शेवटच्या पानावर काढतो. तिच्यावर मोठ्या माणसांनी इतका पैसा आणि इतकी गणितं खर्च केली, ही उधळपट्टी हाच अर्धा विनोद आहे. अणुबाँब क्षितिजावर फुटत असताना नवराबायको चुंबन घेतात, तेव्हा तर बाँडपटाचा ठरीव शेवट असा काही फुगवला आहे, की त्यापुढे फुगवायला जागा नाही.

या सगळ्यात जेमी ली कर्टिसची हेलन नसती, तर चित्रपट नुसता फटाक्यांचा राहिला असता. वकिलाच्या कार्यालयात काम करणारी, कंटाळलेली ही बायको एका माणसाच्या नादी लागते. तो सायमन, म्हणजे बिल पॅक्स्टन, जुन्या मोटारी विकतो आणि बायकांना सांगतो, की आपण हेर आहोत. पुरावा म्हणून वर्तमानपत्रातल्या ज्या बातम्यांकडे तो बोट दाखवतो, ते पराक्रम प्रत्यक्षात हेलनच्या नवऱ्याने केलेले असतात. विडंबनाचा गाभा मला इथे सापडतो. सायमन जे विकतो तेच बाँडपट विकतात, आणि गिऱ्हाईक आपल्यासारखंच असतं: संध्याकाळी घरी जाऊन गॅसचा नंबर लावणारं. पुढे हेलनला खरंच त्या जगात ओढलं जातं. बंदूक तिच्या हातून निसटते, जिन्यावरून आपटत गोळ्या झाडत खाली जाते आणि नवऱ्याने मारले असते त्याहून जास्त शत्रू मारते. कर्टिसला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं ते योग्यच झालं.

मधला भाग मात्र आज पाहताना घशात अडकतो. बायकोवर संशय आला म्हणून नायक सरकारी यंत्रणा कामाला लावून तिचे फोन ऐकतो, तिला उचलून आणतो आणि आरशामागे बसून, आवाज बदलून तिची चौकशी करतो. करदात्यांच्या पैशावर घरगुती मत्सर, ही कल्पना तिखट आहे. पण चित्रपट त्या तिखटपणाकडे काणाडोळा करतो आणि आपल्याला नायकाच्या बाजूने हसायला लावतो. अरब पात्रांचंही तसंच. प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेतल्या अरब संघटनांनी निषेध केला होता. खलनायक झालेला आर्ट मलिक हा बहावलपूरला जन्मलेला ब्रिटिश नट. ‘द ज्युवेल इन द क्राउन’ या मालिकेतला हरी कुमार म्हणून तो आपल्याकडेही काहींच्या लक्षात असेल. १९८७च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’मध्ये तो अफगाण मुजाहिदांचा सुसंस्कृत म्होरक्या होता, बाँडचा मित्र, सोव्हिएत फौजांशी लढणारा. मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि सात वर्षांनी त्याच नटाला मित्राऐवजी माथेफिरू केलं गेलं. ध्वनिचित्रफितीवरून जगाला धमकी देताना कॅमेऱ्याची बॅटरी संपते, हा त्याच्या वाट्याला आलेला सगळ्यात चांगला विनोद.

अरब पात्रांचा हा प्रश्न फ्रेंचांनी उलट्या बाजूने सोडवला. ‘ओएसएस ११७’ हा झाँ ब्रूस यांचा हेर कागदावर १९४९ मध्ये अवतरला, बाँडच्या चार वर्षं आधी. २००६ मध्ये मिशेल हझानाविसियस यांनी त्याला १९५५च्या कैरोत पाठवलं. रंग, प्रकाश, गाडीच्या काचेमागे सरकणारा खोटा रस्ता, सगळं हुबेहूब त्या काळच्या चित्रपटांसारखं. झाँ द्युजार्दांचा देखणा हेर बक्षिशी म्हणून तेव्हाचे फ्रेंच राष्ट्राध्यक्ष कोटी यांचा फोटो वाटतो आणि पहाटेच्या अजानीने झोपमोड झाली म्हणून मिनारावर चढून ती बंद पाडतो. प्रेक्षक हसतो तो इजिप्तच्या लोकांना नाही, या वसाहतवादी गाढवाला. एवढा तल्लख विडंबनपट मी दुसरा पाहिलेला नाही.

मूळ बाँडनेही स्वतःची टर कमी उडवली नाही. ‘ऑक्टोपसी’ १९८३चा, उदयपूरचा. रॉजर मूर रिक्षातून पळतो आणि टेनिसपटू विजय अमृतराज गुंडांना रॅकेटने हाणतो, तेव्हा बघ्यांच्या माना सामना चालल्यासारख्या इकडून तिकडे वळतात. झाडाच्या वेलीला लटकून बाँड चक्क टारझनसारखा ओरडतो. मुंबईच्या कबीर बेदीने त्यात पगडीवाला अंगरक्षक गोबिंदा केला आणि आजूबाजूला काहीही चाललेलं असो, चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. शेवटी बाँड सर्कशीतल्या विदूषकाचं तोंड रंगवून अणुबाँब निकामी करायला धावतो. तो खरं सांगतोय आणि लोक हसतायत, हा प्रसंग अंगावर काटा आणतो. तिथे थट्टा आणि भय यांची गाठ पडली आहे.

‘ऑस्टिन पॉवर्स’ची गोष्ट खर्चाच्या माझ्या मुद्द्याला जरा छेद देते. माइक मायर्सचा १९९७चा पहिला चित्रपट सुमारे १ कोटी ६५ लाख डॉलरचा, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ. त्यातला खलनायक डॉ. ईव्हिल म्हणजे ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये डोनाल्ड प्लेझन्सने केलेल्या ब्लोफेल्ड या खलनायकाची सहीसही नक्कल: टक्कल, व्रण, मांजर आणि बंद गळ्याचा करडा कोट. हेराला सापळ्यात टाकून तो निघून जातो. मुलगा विचारतो, गोळी का घालत नाही? असं काय विचारतोस, असा बापाचा चेहरा होतो. हा विनोद स्वस्तातच होतो, कारण महागडा भाग प्रेक्षकाने तीन दशकं आधीच पाहून ठेवलेला असतो. थिएटरात चित्रपट बेताचा चालला, व्हिडिओ कॅसेटवर पसरला आणि १९९९चा दुसरा भाग पहिल्याच आठवड्याअखेरीस पहिल्याच्या अमेरिकेतल्या एकूण कमाईच्या पुढे गेला. पण हातात पैसा येताच मायर्सलाही मोह आवरला नाही. २००२च्या ‘गोल्डमेंबर’ची सुरुवात खऱ्याखुऱ्या धाडसी पाठलागाने होते, आणि ऑस्टिनच्या वेशात टॉम क्रूझ निघतो. तो चित्रपटातला चित्रपट आहे, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग!

नंतरच्यांपैकी मला पॉल फीगचा २०१५चा ‘स्पाय’ जवळचा वाटतो. मेलिसा मॅकार्थी त्यात कार्यालयात बसून हेराच्या कानात सूचना देणारी बाई आहे आणि वेळ आल्यावर ती हाणामारीही नीट करते. तिच्या जाडेपणावर विनोद करायला निघालेली पात्रंच उताणी पडतात. जेसन स्टॅथम आपल्या अशक्य पराक्रमांच्या बढाया मारतो, त्याही अगदी त्याच्या नेहमीच्या चित्रपटांतल्या गंभीर चेहऱ्याने. ‘किंग्समन’ची फारशी चर्चा मी करणार नाही. त्यात रक्त फार आहे आणि विनोद स्वतःवरच खूश आहे.

विडंबन आणि मूळ यांच्यातली भिंत कागदावर दिसते तेवढी जाड नाही. रोवन अ‍ॅटकिन्सनचा ‘जॉनी इंग्लिश’ (२००३) एका क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींतल्या वेंधळ्या हेरातून जन्मला. त्याच्या पटकथेवरची दोन नावं नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड. हीच जोडी त्या सुमारास खरे बाँडपटही लिहीत होती. खुद्द अ‍ॅटकिन्सन १९८३च्या ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये कॉनरीच्या बाँडसमोर गोंधळलेला राजनैतिक अधिकारी म्हणून येऊन गेला होता.

१९९९च्या एका तडजोडीनंतर ‘कॅसिनो रॉयाल’चे हक्क अखेर बाँडच्या घरी आले आणि २००६ मध्ये डॅनियल क्रेगचा पहिला बाँडपट त्याच कादंबरीवर निघाला, घामाचा, रक्ताचा, जवळजवळ विनोदाशिवाय. ‘ऑस्टिन पॉवर्स’ने जुन्या सगळ्या क्लृप्त्यांची इतकी वाट लावली होती, की गंभीर होण्यावाचून गत्यंतर नव्हतं, अशा अर्थाचं क्रेगने नंतर सांगितलं आहे. हे गांभीर्य नऊ वर्षं टिकलं. २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये ब्लोफेल्ड परतला. वाळवंटात अड्डा, बंद गळ्याचा कोट, पांढरं मांजर, शेवटाकडे चेहऱ्यावर व्रण आणि एक कौटुंबिक रहस्य: खलनायक हा बाँडचा मानलेला भाऊ. डॉ. ईव्हिल आणि ऑस्टिन हे भाऊ असल्याचा शोध ‘गोल्डमेंबर’मध्ये १३ वर्षं आधीच लागून गेला होता आणि तिथे लोक त्यावर पोट धरून हसले होते. ‘स्पेक्टर’चा खर्च २४ कोटी डॉलरच्या वर गेला आणि पटकथाकारांत पर्व्हिस आणि वेड होते.